नटाचं करिअर तारखांवर कसं चालतं?

रोज रात्री मालिकेत दिसणारा नट श्रीमंत असणार, असं आपण धरून चालतो. चेहरा ओळखीचा झाला म्हणजे पैसाही आलाच असणार, असा आपला हिशेब. प्रत्यक्षात ओळख आणि पैसा नटाकडे वेगवेगळ्या वाटांनी येतात, आणि बऱ्याचदा वेगवेगळ्या वर्षी येतात. हे गणित समजून घ्यायला अभिनयातलं काही कळायला हवं असं नाही. तारखा कशा विकल्या जातात ते कळलं तरी निम्मं काम होतं. निर्मात्याला अभिनय हवा असतो हे खरंच, पण करारात तो मोजला जातो दिवसांत. म्हणून नटाला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "पुढच्या महिन्यात तारखा कशा आहेत?" पैशांचं बोलणं त्यानंतर.

पूर्वी असं नव्हतं. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली प्रभात फिल्म कंपनी नटांना महिन्याच्या पगारावर ठेवायची. त्या काळातल्या बहुतेक मोठ्या स्टुडिओंची हीच पद्धत होती. नट, सुतार, रंगभूषाकार, सगळे कंपनीचे नोकर. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला ही घडी विस्कटली. कुणाकडेही काम करायची मुभा नटाला मिळाली आणि एक तारखेचा पगार गेला. आजचा नट याच व्यवस्थेत जगतो.

आत शिरायची वाट मराठीत अजूनही बऱ्याच अंशी एकांकिकांच्या स्पर्धांमधून जाते. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. मुंबईत सवाई एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिन उजाडेपर्यंत चालते. शिवाय इंडियन नॅशनल थिएटरची (आयएनटी) स्पर्धा आहे, पूर्ण लांबीच्या नाटकांसाठी राज्य नाट्य स्पर्धा आहे. प्रेक्षागृहात मागच्या रांगांमध्ये मालिकांचे दिग्दर्शक, लेखक, वाहिन्यांची माणसं बसलेली असतात, त्यामुळे करंडक दुसऱ्याच कॉलेजनं नेला तरी एखाद्याचा फोन नंबर विचारला जातो. दुसरी वाट रीतसर शिक्षणाची. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी), पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स. तिथून बाहेर पडलेल्याला काम येतं, पण पदवी पाहून कुणी भूमिका देत नाही. आणि तिसरी वाट नशिबाची. 'सैराट'च्या वेळी अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूला नागराज मंजुळेंनी निवडलं तसं. ही वाट सगळ्यांना माहीत असते आणि जवळपास कुणालाही सापडत नाही.

पूर्वी मुंबईत ऑडिशन म्हणजे वर्सोव्याचं आरामनगर. बैठी घरं, प्रत्येक दारात रांग, हातात फोटो. आता पहिली फेरी मोबाइलवरच होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "वय २५ ते ३०, शहरी लुक, पहिल्या लीडची मैत्रीण, पंचवीस दिवस." सोबत दोन पानांचा सीन. सीनमधली नावं बहुतेक वेळा बदललेली असतात, म्हणजे कथा फुटायला नको. नट घरी साध्या भिंतीसमोर उभा राहतो, फोन आडवा धरायला कुणाला तरी विनवतो. आधी नाव, वय, उंची सांगायची, डावी-उजवी बाजू दाखवायची, मग सीन. समोरच्या पात्राची वाक्यं बहीण किंवा रूममेट कॅमेऱ्यामागून वाचते, तीही एका सुरात. व्हिडिओ पाठवला की आपलं काम संपलं. त्यातल्या बहुतेकांना "नाही" असं उत्तरही येत नाही, काहीच येत नाही.

निवड झालीच तर पुढे लुक टेस्ट, मग मॉक शूट. नायक-नायिका शेजारी उभे राहून कसे दिसतात ते बघायचं असतं. अंतिम होकार बहुधा निर्मात्याच्या हातात नसतो, तो वाहिनीकडून येतो. एखादी मुलगी दिग्दर्शकाला पसंत, निर्मात्याला पसंत आणि वाहिनीला नापसंत, हे नेहमीचंच. म्हणून अनुभवी नट करारावर सही होईपर्यंत घरीसुद्धा बोलत नाहीत.

आता मालिकेचा कारखाना आतून पाहू, कारण आजच्या मराठी नटाचं घर मुख्यतः त्यावर चालतं. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो. आठवड्याला सहा भाग धरले तर १३२ मिनिटं झाली. म्हणजे दर आठवड्याला एका आख्ख्या चित्रपटाइतकं चित्रीकरण, तेही वर्षानुवर्षं. चित्रपटात दिवसाला दोन-तीन मिनिटं हाती लागली तरी चालतं, मालिकेत एका दिवसात जवळपास एक भाग उरकावा लागतो. चार-पाच दिवसांचे भाग तयार असले तर युनिट म्हणतं "बँक आहे". बँक संपली की संध्याकाळी चित्रित झालेला सीन दुसऱ्या दिवशी रात्री घराघरांत दिसतो.

शिफ्ट बारा तासांची. सकाळी सातचा कॉल टाइम असेल तर ठाण्यात घोडबंदर रोडच्या किंवा मढच्या बंगल्यावर पोचायला पाच-साडेपाचला घर सोडायचं. सेटवर पोचल्यावर पहिली चौकशी, "सीन आले का?" कारण ते आलेले नसतात. केस विंचरून होईपर्यंत कागद किंवा पीडीएफ हातात पडते. दिवाणखान्याचे सगळे सीन आधी उरकतात, मग स्वयंपाकघराचे, मग देवघराचे. कथेच्या क्रमाशी याचा काही संबंध नाही. सकाळी नऊला नवऱ्याच्या खोटेपणावर रडायचं, अकराला तो खोटं बोलायच्या आधीचं हसायचं, तेही वेगळी साडी नेसून, आणि कानातलं चुकलं की कंटिन्युटीवाला ओरडतो. हे जमणं ही एक वेगळीच कसोटी आहे. रंगभूमीवर नावाजलेले काही नट इथे पहिल्या आठवड्यात गळून जातात, कारण भूमिका समजून घ्यायला वेळच नसतो. आणि मालिकेला नाकं मुरडणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो सकाळी नऊचा आणि अकराचा सीन एकदा घरच्या आरशासमोर करून पाहावा.

पैशांचं आता. मुख्य नायक-नायिकेला सहसा महिन्याच्या ठरावीक दिवसांची हमी असते. शूटिंग झालं नाही तरी तेवढ्या दिवसांचे पैसे मिळतात. त्याच्या बदल्यात दुसऱ्या वाहिनीवर काम करायचं नाही, केस कापायचे नाहीत, विचारल्याशिवाय गावाला जायचं नाही. बाकी सगळे 'पर डे'वर, म्हणजे बोलावलं त्या दिवसाचे पैसे. काका, मावशी, शेजारी, नायिकेची मैत्रीण, खलनायिकेचा भाऊ, हे सगळे यात मोडतात.

समजा, मावशी करणाऱ्या एका अभिनेत्रीचा दर दिवसाला ५,००० रुपये आहे. (आकडा फक्त हिशेबापुरता. कुणाला कमी मिळतात, कुणाला अनेक पट.) जानेवारीत तिचे बारा दिवस लागले, म्हणजे ६० हजार झाले. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरमार्फत ते आलं असेल आणि त्याचं कमिशन १५ टक्के धरलं तर ९ हजार गेले. १० टक्के टीडीएस कापला जातो, ते ६ हजार पुढे विवरणपत्र भरल्यावर जमेला येतात. हातात राहिले ४५ हजार. पण कधी? मालिकांमध्ये पैसे ९० दिवसांनी द्यायचा रिवाज आहे. म्हणजे जानेवारीच्या कष्टाचे पैसे एप्रिलच्या अखेरीस, आणि ते वेळेवर आले तर. घरभाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जातं. फेब्रुवारीत लेखकानं मावशीला काशीला पाठवलं तर दिवस लागतात दोन. मार्चमध्ये कथा दुसऱ्याच घरात गेली तर एकही नाही. तरीही दुसऱ्या मालिकेचं काम आलं की ती कचरते, कारण "मावशी परत येणार आहेत, तुम्ही तारखा देऊन बसू नका" असा निरोप आलेला असतो. घरोघरी ओळखीची झालेली बाई कर्जाचा हप्ता उसना कसा आणते, याचं उत्तर या हिशेबात आहे.

या व्यवस्थेचा कणा किती कच्चा आहे ते करोनात दिसलं. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली तेव्हा पर डेवाल्यांची कमाई एका दिवसात शून्यावर आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली तशी अनेक मराठी मालिकांनी आपलं बिऱ्हाड परराज्यात, त्यातही गोव्यात हलवलं. मे महिन्यात गोवा सरकारनंही परवानगी काढून घेतली आणि पुन्हा सामानसुमान गोळा करावं लागलं. त्या काळात जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या गेल्या, लोकांनी आवडीनं पाहिल्या. पण सर्वसाधारण करारात पुनःप्रक्षेपणाचे पैसे नटाला मिळत नाहीत. एकदा विकलेली तारीख कायमची विकलेली.

मालिका किती चालणार हे कुणाच्याच हातात नसतं. टीव्हीवर काय पाहिलं जातं ते नोंदवणारी बार्क या संस्थेची मीटर देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत बसवलेली आहेत. त्यांच्यावरून दर गुरुवारी रेटिंग येतं आणि शुक्रवारी सेटवरचं वातावरण त्याप्रमाणे असतं. आकडे पडले की कथेत अपघात होतो, गोष्ट सात वर्षं पुढे उडी मारते, नवी खलनायिका येते. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं चालली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती महाराष्ट्रभर पोचली. तीच मालिका शेवटच्या वर्षात संध्याकाळवरून दुपारच्या वेळेत गेली, आणि संजनाची भूमिका तर सुरुवातीच्याच काळात एका अभिनेत्रीकडून दुसरीकडे गेली होती. प्रेक्षक दोन दिवस कुरकुरतात, तिसऱ्या दिवशी नव्या चेहऱ्याला त्याच नावानं हाक मारतात. नटाला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो तापातही सेटवर जातो.

मग एवढी वर्षं गुंतवून मिळतं काय? मालिका चालू असताना एक गोष्ट मिळते, ती म्हणजे सुपारी, पैसे घेऊन कार्यक्रमाला लावलेली हजेरी. दहीहंडी, गणपती, नवरात्र, सराफी पेढीचं उद्घाटन, आमदारांचा महिला मेळावा. दोन तास हसायचं, दोन संवाद म्हणायचे, सेल्फी काढू द्यायचे आणि पाकीट घ्यायचं. लोकप्रिय नायिकेला सणासुदीच्या एका संध्याकाळचे पैसे शूटिंगच्या कित्येक दिवसांइतके मिळू शकतात. पण मालिका संपली की दोन-तीन महिन्यांत सुपारीचे फोन बंद होतात, आणि तोच चेहरा लगेच दुसऱ्या मालिकेत घ्यायला वाहिनी कचरते, "अजून ती अमुकच वाटते." लोकप्रियतेची शिक्षा म्हणजे सहा महिने ते दोन वर्षं घरी बसणं. चांगलं नाव झालेल्या नायक-नायिकांच्या आयुष्यात ही पोकळी येतेच, आणि त्यातून तरून जायला साठवलेले पैसे लागतात. नेमकं याच काळात आपण त्यांना भेटून विचारतो, "सध्या काय चालू आहे?"

नाटक या गणितात वेगळ्या जागी बसतं. तिथे पैसे प्रयोगावर मिळतात. त्याला नाईट म्हणतात, आणि ते बहुधा त्या त्या वेळीच हातात पडतात. शनिवार-रविवारचे चार प्रयोग लागले तर मालिकेच्या नव्वद दिवसांच्या उधारीत घराला रोख आधार होतो. म्हणून अनेक जण दोन्ही सांभाळतात. मालिकेचा करार करतानाच "शनिवार संध्याकाळ आणि रविवार नाटकाला सोडावे लागतील" असं ठरवून घेतात. लिहिलेलं असतं, पण शनिवारी साडेसहाला दिग्दर्शक म्हणतो, "एकच सीन, दोन क्लोज राहिलेत," आणि तिकडे गडकरी रंगायतनला साडेआठची तिसरी घंटा ठरलेली असते. अर्धा मेकअप गाडीत पुसायचा, अर्धा गाडीतच चढवायचा. नाटकावर एकहाती करिअर उभं करता येतं हे प्रशांत दामले यांनी दाखवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. पण त्यांच्यासारखा हुकमी बुकिंग आणणारा नट पिढीत एखाद-दुसराच होतो.

चित्रपटाचं सांगायचं तर मराठीत बहुतेकांसाठी तो कमाईपेक्षा पत वाढवणारा कागद आहे. महिनाभराच्या तारखा, मग डबिंग, मग प्रदर्शनाची वाट, आणि शुक्रवारी सकाळी नऊचा शो मिळाला म्हणून समाधान. चित्रपट चालला तर पुढच्या मालिकेचा दर वाढतो, हिंदीत आणि ओटीटीवर ऑडिशनचं दार उघडतं. ओटीटीवर दिवस कमी आणि दर बरा, पण मराठीतली कामं मोजकी.

हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात कसं दिसतं ते पाहायचं तर माझ्या मते रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखं उदाहरण नाही. जन्म १९५१, पुण्याचा. एनएसडीतून १९७४ साली बाहेर पडल्या आणि मुंबईत नाटकं करू लागल्या. रिचर्ड अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी'चं चित्रीकरण १९८० च्या अखेरीस सुरू झालं तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. त्यांनी त्यात तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतच्या कस्तुरबा केल्या आणि त्यासाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्ता पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास 'अर्थ'मधल्या मोलकरणीला फिल्मफेअर, पुढे 'पार्टी'साठी राष्ट्रीय पुरस्कार. दुसऱ्या एखाद्या देशात एवढ्यावर दहा वर्षं मध्यवर्ती भूमिका चालून आल्या असत्या. हिंदी सिनेमानं त्यांना आई केलं. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांची आई होत्या, आणि अमिताभ त्यांच्याहून आठेक वर्षांनी मोठे. नायक पन्नाशीतही नायक राहतो आणि त्याच्याहून लहान असलेली बाई त्याची आई होते, हा या धंद्याचा जुना दंडक. त्यात अभिनयाचा दोष नाही, लिहिणाऱ्यांच्या आणि पैसे घालणाऱ्यांच्या कोतेपणाचा आहे.

त्यांनी काय केलं? आई तर आई, म्हणून ती चोख केली. 'मुन्नाभाई एमबीबीएस'मधली आईही त्यांचीच. आणि २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' सुरू झाली. ती सुमारे अकरा वर्षं आणि तीन हजारांहून जास्त भाग चालली, सासू होत्या रोहिणीताई. आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली नटी रोजच्या मालिकेत सासू करते म्हणून त्या काळी काहींनी हळहळ व्यक्त केली असेल, पण मला ती हळहळ पटत नाही. एवढी वर्षं टिकणारं नियमित काम आपल्या देशात फारच थोड्या कलाकारांच्या वाट्याला आलं आहे. पुढे 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये त्या आईआजी झाल्या, तर नव्या पिढीला त्यांची ओळख आधी ती झाली, कस्तुरबा मागाहून.

दुसरा मार्ग जुन्या पिढीनं वापरला, नोकरी धरून ठेवण्याचा. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत होते आणि संध्याकाळी नाटकं. १९७५ च्या 'पांडू हवालदार'नं नाव झालं, तरी बँक त्यांनी लगेच सोडली नाही. डॉ. श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे शल्यविशारद. रंगभूमीवर पूर्णवेळ आले ते १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. तेव्हाच्या नाटकांना संध्याकाळचे काही तास पुरायचे, म्हणून हे शक्य होतं. रोज बारा तास मागणाऱ्या मालिकेसोबत दुसरी नोकरी होत नाही. आजची मुलं म्हणूनच डबिंग, ऑडिओबुकचं वाचन, शाळांमधली नाट्यशिबिरं, भाषांतरं असली वेळ वाकवता येणारी कामं धरतात.

सही करण्यापूर्वी करारात काय बघावं, हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही. पैसे किती यापेक्षा ते किती दिवसांनी, हमीचे दिवस लिहिलेत का, शूटिंग रद्द झालं तर काय, आणि सोडताना नोटीस किती. निर्माता केव्हाही काढू शकतो पण नटानं मात्र तीन महिने आधी कळवायचं, असलं एकतर्फी कलम आढळलं तर निदान विचारून तरी पाहावं. मुंबईत १९५८ पासून सिन्टा ही कलाकारांची संघटना आहे. पैसे अडकले तर तिच्याकडे तक्रार करता येते, पण हातात कागद असला तरच. बऱ्याच छोट्या भूमिका अजूनही व्हॉट्सअ‍ॅपच्या "ओके, डन" वर चालतात. तेवढा मेसेज तरी जपून ठेवावा.

या नोकरीला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देतं, ते आता ५ हजार रुपये आहे, आणि त्यालाही उत्पन्नाची अट. त्यामुळे नट निवृत्त होत नाहीत, जोपर्यंत पाठ होतंय आणि उभं राहवतंय तोपर्यंत तारखा देत राहतात. काही जण गरजेपोटी, काही जण हौसेनं, बरेचसे दोन्हीपायी. अशोक सराफ नोव्हेंबर २०२४ मध्ये कलर्स मराठीच्या नव्या मालिकेत मुख्य भूमिकेत आले तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. दोन-तीन महिन्यांतच पद्मश्री जाहीर झाली, तेव्हाही मालिका चालूच होती.